झाकणावर गेलेला माणूस

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं, कारण यात मी काही फार चांगला दिसत नाही. पण या गोष्टीत माझा गुन्हा एकच आहे, गप्प बसणं. त्यावर परत गप्प बसायचं म्हणजे कहरच. म्हणून लिहितो.

मी भिंतीच्या रंगांच्या कारखान्यात शेडवाला आहे. गिऱ्हाईक नमुना पाठवतं, कुणी भिंतीचा टवका, कुणी पडद्याचा तुकडा. एका बाईंनी तर नवऱ्याच्या शर्टाची बाही कापून पाठवली होती. मी त्या रंगाचा रंग बनवून देतो. कुठे शिकायला गेलो नाही. बारावीला आपटलो आणि इथे डबे उचलायला लागलो. तेव्हाच्या शेडवाल्या काकांच्या मागे उभं राहून राहून डोळा तयार झाला. काका निवृत्त झाले, तेव्हा मालकीणबाईंनी त्यांच्या जागी मला खिडकीशी बसवलं. पाच वर्षं झाली त्याला.

खिडकी महत्त्वाची. रंग ट्यूबलाइटखाली बघायचा नसतो, उजेडात बघायचा. तयार झालेल्या रंगाचा एक हात पुठ्ठ्याच्या पट्टीवर मारायचा, पट्टी खिडकीत ठेवायची आणि तासभर सुकू द्यायची. काका म्हणायचे, ओला रंग खोटं बोलतो. आमचे रंग ओले असताना फिके दिसतात, सुकले की गडद होतात. सुकलेली पट्टी नमुन्याशेजारी धरायची. जुळली, तर त्याच रंगात अंगठा बुडवून पट्टीच्या खालच्या कोऱ्या टोकाला उमटवायचा. अंगठा उमटला की रंग पास. थोरल्या मालकांच्या काळात निम्म्या लोकांना सही येत नव्हती, तेव्हापासूनची ही रीत.

मग ती पट्टी पहिल्या डब्याच्या कडीला बांधायची आणि डबे झाकणाच्या टेबलावर सोडायचे. तिथला माणूस पट्टी सोडून ऑफिसबाहेरच्या पेटीत टाकतो आणि रबरी हातोड्याने झाकणं ठोकतो. पेटी एरवी कुणी उघडत नाही. तक्रार आली तरच.

आता माणसं. फार नाहीत.

थर्मास माझा मित्र. आम्ही एकाच दिवशी कामाला लागलो. तो मिक्सरवर, म्हणजे रंग घुसळायच्या मोठ्या यंत्रावर, माझ्या टेबलापासून चार पावलांवर. घरून थर्मासभर चहा आणतो आणि पहिला कप मला देतो, म्हणून थर्मास. दुसरा आमचा सुपरवायझर. त्याला सगळे मागे होकायंत्र म्हणतात, कारण मालकीणबाई ज्या दिशेला असतील त्या दिशेला त्याचं तोंड वळतं. त्याच्या उजव्या अंगठ्यावर, बरोबर मधोमध, एक आडवी चीर आहे. तरुणपणी डब्याच्या पत्र्याने कापलेली. नवा माणूस आला की तो अंगठा नाचवून सांगायचा, "हे बघ, मीसुद्धा खालूनच वर आलोय."

तर झालं असं. एका हॉस्पिटलची ऑर्डर होती, फिकट हिरवा. पहिला घाणा, म्हणजे एका वेळी घुसळलेला रंग, मी पास केला, तो गेला. दुसऱ्या घाण्याची पट्टी खिडकीत ठेवून मी जेवायला गेलो. फाटकात ट्रक उभा होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. परत येऊन बघतो तर खिडकी रिकामी, डबे होते तिथली जमीन मोकळी आणि ट्रक गेलेला. होकायंत्र म्हणाला, झालं तुझं काम, मी बघून घेतलं. मी म्हटलं, साहेब, सुकली होती का? तो म्हणाला, एवढं काय आहे त्यात, हिरवा तो हिरवा.

पंधरा दिवसांनी हॉस्पिटलवाले आले. एकच लांब व्हरांडा, अर्धा फिकट आणि अर्धा पालकाची भाजी. मालकीणबाईंनी सगळ्यांना केबिनमध्ये उभं केलं. मी सांगितलं की मी अंगठा दिलाच नव्हता. होकायंत्र शांतपणे म्हणाला की दिला होता, आणि वर पोराला अजून घाई नडते म्हणून हळहळला. पेटी उघडली तर नेमकी ती पट्टी त्यात नव्हती. आता ती कुणी काढली ते सांगायला ज्योतिषी नको.

मग बाईंनी थर्मासला विचारलं. मी निश्चिंत झालो. तो तर चार पावलांवर होता, त्याने नक्की पाहिलं असणार. थर्मासने माझ्याकडे न बघता सांगितलं, "माझं लक्ष यंत्राकडे होतं, बाई. मी पाहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. "आपणास शेडवाला या पदावरून सहायक या पदावर पदावनत करण्यात येत आहे."

शब्द मी आधी कधी वाचला नव्हता. अंदाज आला, पण अंदाजावर कसं भागवायचं. मी जुन्या बाजारातून घेतलेला एक शब्दकोश आहे घरी, त्यात बघितलं. पदावनत म्हणजे वरच्या पदावरून खालच्या पदावर आणलेला. बस, एवढंच. कुणी आणलेला, ते काही दिलं नव्हतं. पत्रातही नव्हतं. करण्यात येत आहे. जसं काही ढग येतात तसं ते येत आहे, कुणाचा हात नाही त्यात.

आणि गंमत म्हणजे तो शब्द कुणाच्याही तोंडून मी ऐकला नाही. तो कागदावरच राहतो. आई शेजारच्या काकूंना म्हणाली, त्याचा विभाग बदलला. बाबा म्हणाले, खाली घातलं तुला. ताईने फोनवर विचारलं, डिमोशन का रे, आणि एवढ्या हळू विचारलं की जसं काही आजाराचं नाव आहे. दाजी मागून ओरडले, "अरे, जावयाचं दुसऱ्या वर्षापासून जे होतं ना, तेच." सगळे हसले. मीही हसलो.

कारखान्यात मात्र आठवड्याभरात नवा शब्दच तयार झाला. झाकणावर जाणं. झाकणावरचा म्हातारा गडी चौकशीच्या आधीच गावाला निघून गेला होता, त्या टेबलावर मला उभं केलं आणि खिडकीशी थर्मासला बसवलं. मग कुणी कामात चुकलं की बाकीचे म्हणायचे, जपून रे, झाकणावर जाशील. माझ्यासमोर म्हणायचे. कुणाच्या लक्षातही यायचं नाही की तो जो झाकणावर गेलाय, तो इथे उभा आहे हातोडा घेऊन.

होकायंत्र रोज एकदा टेबलापाशी थांबायचा. काही बोलायचा नाही. ठोकलेल्या झाकणावर बोटाने टकटक करून बघायचा, घट्ट आहे का, आणि पुढे जायचा. मला वाटायचं, ते बोट धरावं, झाकणाखाली ठेवावं आणि हातोडा मारावा. खरंच वाटायचं. मी दिवसातून तीनशे वेळा हातोडा मारायचो आणि त्यातले निदान दोनशे त्याचे असायचे.

उरलेले थर्मासचे. तो रोज पहिला कप घेऊन यायचा, टेबलाच्या कडेला ठेवायचा. मी तो गार होऊ द्यायचो. त्याच्या बायकोला सातवा महिना होता, त्याला नोकरीची भीती होती, हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून काय उपयोग. भीती मलाही होती की.

झाकणावर एक गोष्ट मात्र कळली, जी वर बसून कधी कळली नसती. कारखान्यातला प्रत्येक डबा बंद व्हायच्या आधी शेवटचा जो बघतो, तो झाकणवाला. सगळे रंग माझ्या नाकाखालून उघडे जायचे. खिडकी माझ्याकडे नव्हती, पण मागचं शटर अर्धं उघडं असायचं, तेवढा उजेड बास.

तीन महिन्यांनी एका शाळेची ऑर्डर आली, फिकट निळा. लांबच लांब भिंती, परत दोन घाणे. पहिला घाणा ठीक गेला. दुसऱ्याच्या दिवशी फाटकात ट्रक उभा, हॉर्न सुरू. चोवीस डबे माझ्या टेबलापाशी आले. मी पहिल्यात डोकावलो.

रंग अगदी बरोबर होता. शाळेच्या नमुन्यासारखा, हुबेहूब. आणि नेमकं तेच चुकीचं होतं. ओला रंग नमुन्याहून फिका दिसायला हवा, पाणी घातलेल्या दुधासारखा. ओला असतानाच जुळत असेल, तर सुकल्यावर तो वर्दीसारखा गडद निळा होणार.

मी कडीची पट्टी सोडली. रंग माझ्या बोटांना लागला. ओलीच होती. खालच्या टोकाला अंगठा होता, आणि त्या अंगठ्याच्या बरोबर मधोमध एक आडवी पांढरी रेघ.

मी वर बघितलं. थर्मास वीस पावलांवर खिडकीशी उभा होता, माझ्याकडेच बघत होता. त्याला काहीतरी कळत होतं, पण नक्की काय ते कळत नव्हतं, असा चेहरा. डोळा तयार व्हायला वर्षं लागतात. त्याला फक्त माझी एक हाक हवी होती. "अरे, थांबव." दोन शब्द. ट्रक थांबला असता, होकायंत्र चार शिव्या घालून गप्प झाला असता, घाणा दुरुस्त झाला असता.

सूड घ्यायला मला काही करायचंच नव्हतं. माझं काम करायचं होतं, बस.

मी हातोडा उचलला. पहिलं झाकण, दुसरं, तिसरं. चोवीसच्या चोवीस. इतकी सुरेख झाकणं मी कधी बसवली नव्हती. होकायंत्र आला, टकटक केली आणि पहिल्यांदाच म्हणाला, "आता हात बसला तुझा." मी म्हटलं, हो साहेब, बसला.

पट्टी पेटीत टाकली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली. ती शब्दकोशात, त्या शब्दाच्या पानात ठेवावी असं फार मनात होतं, पण ओली होती, पान खराब झालं असतं. म्हणून आधी कपाटावर सुकवली. सुकली तशी गडद झाली, अगदी मला वाटलं होतं तेवढीच. मला आनंद झाला. लिहितोय तर खरं लिहितो, मला फार आनंद झाला.

तक्रार यायला या वेळी आठवडासुद्धा लागला नाही. मुख्याध्यापक स्वतः आले, मालकीणबाईंच्या केबिनमध्ये तासभर बसले. मग सगळ्यांना परत उभं केलं. तीच खोली, तीच रांग. होकायंत्राने तीच हळहळ केली, फक्त या वेळी थर्मासबद्दल. नवीन आहे, घाई नडली. थर्मास म्हणाला, बाई, मी अंगठा दिला नव्हता, साहेबांना म्हटलं होतं सुकू द्या. होकायंत्र हसला. पेटी उघडली. पट्टी नव्हती. होकायंत्राच्या कपाळावर क्षणभर आठी पडली, कारण या वेळी ती त्याने काढली नव्हती. पण आयतं मिळालं तर कोण नाही म्हणतो.

थर्मासने माझ्याकडे बघितलं. पट्टी माझ्या हातातून जाते, हे त्याला माहीत होतं.

बाईंनी मला विचारलं, पट्टी पेटीत टाकली होतीस ना? मी म्हटलं, रोज टाकतो बाई. हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

मी तेव्हाच देऊ शकत होतो ती. पण मला पत्र हवं होतं. थर्मासच्या नावाचं, टाइप केलेलं. त्याने तो शब्द वाचायला हवा होता. त्याच्या घरी कुणीतरी कुणालातरी सांगायला हवं होतं की विभाग बदलला. मला वाटलं, दोन-चार दिवसांचं काम. पण बाई सहीला वेळ लावत होत्या आणि तेवढे दिवस थर्मास कारखान्यात भुतासारखा फिरत होता. चहा आणणं बंद झालं. एकदा नमुन्याचा डबा भरता भरता तसाच उभा राहिला, रंग उतू गेला. सगळे म्हणायला लागले, गेला हा झाकणावर. मी झाकणं ठोकत होतो.

पट्टी माझ्याकडे आल्यापासून अकराव्या दिवशी पत्र तयार झाल्याचं कळलं. मी पट्टी घेऊन केबिनमध्ये गेलो. थर्मास आणि होकायंत्र आतच होते, पत्र टेबलावर होतं. मी पट्टी पत्राच्या शेजारी ठेवली.

मालकीणबाईंनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग होकायंत्राला म्हणाल्या, "अंगठा दाखवा."

त्याने हात खिशात घातला. मी आयुष्यात खूप गोष्टी विसरेन, तो खिशात जाणारा हात विसरणार नाही.

"अंगठा, साहेब," बाई परत म्हणाल्या, अगदी हळू. त्याने दाखवला. बाईंनी तो पट्टीला लावूनही बघितला नाही. लांबूनच रेघ दिसत होती. मग त्यांनी टायपिस्टला बोलावलं आणि पत्र परत दिलं. "हेच पुन्हा करा. नाव आणि पद तेवढं बदला."

बाकीचे बाहेर पडल्यावर बाईंनी मला थांबवलं. विचारलं, ही तुझ्याकडे कधीपासून आहे. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, सोमवारपासून खिडकीशी बस, आता जा. शाबासकी नव्हती त्यात. मी तीन महिने तयारी केली होती की बाई माफी मागतील, आणि माझ्याच्याने मान वर करवली नाही.

पण होकायंत्राचं सांगतो, ते सुख खोटं नाही. सोमवारी तो झाकणाच्या टेबलापाशी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला काम दाखवायचं माझ्याकडे होतं. झाकण कडेकडेने गोल फिरत ठोकायचं असतं, आधीच मधे मारलं की उडतं. मी त्याला हातोडा दिला, डबा पुढे केला आणि तेवढंच सांगायचं राहिलं. त्याने मधे मारलं. पिवळा रंग होता. शर्टावर छान दिसला. सगळा कारखाना हसला, आणि कुणीतरी मागून म्हणालं, साहेब खालूनच वर आले होते, परत एकदा येतील. मी एका ठोकलेल्या झाकणावर बोटाने टकटक केली आणि खिडकीकडे गेलो. मला आजही त्याबद्दल वाईट वाटत नाही. कधीतरी वाटेल म्हणून वाट बघतोय. नाही वाटलं.

थर्मास परत मिक्सरवर आला. चार पावलांवर. आठवडाभर एक अक्षर बोलला नाही. शेवटी जेवणाच्या सुट्टीत मीच त्याच्याशेजारी मागच्या भिंतीपाशी जाऊन बसलो. चहाचा थर्मास मधे होता, बंद.

"किती दिवस होती तुझ्याकडे?" त्याने विचारलं.

"अकरा."

"मी बायकोला सांगितलं नव्हतं. ती रोज विचारायची, जेवत का नाहीस. तिला वाटलं माझं बाहेर काहीतरी आहे."

मला हसू आलं, त्यालाही थोडं आलं, मग गेलं.

मी म्हटलं, तूही बोलला नव्हतास. तुझं लक्ष यंत्राकडे होतं म्हणे.

"हो," तो म्हणाला. "मी घाबरलो होतो. तू घाबरला नव्हतास."

मी पायाने माती उकरत बसलो. म्हटलं, फिट्टंफाट झाली समज. तो म्हणाला, शाळेच्या पोरांचं काय, त्यांची भिंत दोनदा घासली, पंधरा दिवस मैदानात बसून शिकली ती पोरं, त्यांच्याशी तुझं कसलं वैर होतं? ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खरंच नव्हतं आलं. चोवीस डब्यांत मला फक्त दोन माणसं दिसत होती.

मग त्याने आतल्या बाजूला मान वळवली. अर्ध्या शटरमधून झाकणाचं टेबल दिसत होतं. होकायंत्र डब्यात वाकून बघत होता. डबा माझ्या घाण्यातला होता. तो बघत होता, मग त्याने झाकण उचललं आणि कडेकडेने, गोल फिरत, व्यवस्थित ठोकलं. शिकला होता.

"उद्या तू चुकलास," थर्मास म्हणाला, "तर तो सांगेल का तुला?"

"नाही."

"मग आता रोज असंच बसायचं का आपण? कोण कोणाचं झाकण लावतोय बघत?"

मी चहाचा थर्मास उचलला, कप काढला, पहिला त्याला ओतून दिला. हे नेहमी तो करतो. चहा कोमट झाला होता. त्याने कप हातात धरून ठेवला, प्यायला नाही. वाट बघत होता.

म्हणून मी त्याला सांगितलं, आणि इथेही लिहून ठेवतो, म्हणजे नंतर पुसता येणार नाही. काकांनी मला शिकवलं ते सगळं उद्यापासून तुला खिडकीशी उभं करून शिकवीन. आणि रंग चुकलेला दिसला, तर डबा उघडा असतानाच बोलेन. तुझा असो, कुणाचा असो, मला तो माणूस आवडत नसला तरी. झाकण लागायच्या आधी तुला माझी हाक ऐकू येईल.